किलिमांजारोवरील कौटुंबिक पदभ्रमण

किलिमांजारोवरील कौटुंबिक पदभ्रमण म्हणजे टांझानियातील किलिमांजारो या ज्वालामुखी पर्वताच्या उतारांवर मुले व प्रौढ यांनी एकत्रितपणे केलेला, एक किंवा अनेक मुक्कामांचा पायी प्रवास होय. किलिमांजारो (उंची ५,८९५ मीटर) हा आफ्रिका खंडातील सर्वांत उंच पर्वत आहे. त्याच्या प्रचलित वाटांवर दोर किंवा हिमकुऱ्हाड यांची सहसा गरज पडत नाही. त्यामुळे तो 'चालत जाता येण्याजोगा' उंच पर्वत म्हणून ओळखला जातो. मात्र वाट सोपी असली तरी उंची सोपी नसते. या पर्वतावरील अडचणींचे मुख्य कारण खडक वा बर्फ नसून विरळ हवा आणि घाईने आखलेला कार्यक्रम हे आहे. म्हणून कौटुंबिक सहलीच्या नियोजनात किती अंतर चालायचे यापेक्षा कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. लहान मुले असलेल्या कुटुंबांसाठी शिखराऐवजी २,७०० ते ३,७०० मीटर उंचीवरील मुक्काम हेच पूर्ण सहलीचे उद्दिष्ट मानणे इष्ट समजले जाते.

भूगोल आणि ज्वालामुखीय रचना

किलिमांजारो हा टांझानियाच्या ईशान्य भागात, केनियाच्या सीमेजवळ, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे तीन अंशांवर आहे. आसपासच्या सपाट प्रदेशातून तो एकटाच उभा राहिलेला दिसतो. शिरा, मावेन्झी आणि किबो या तीन ज्वालामुखी शंकूंचा मिळून हा पर्वत बनला आहे. शिरा हा सर्वांत जुना शंकू असून तो खचून आज एका विस्तीर्ण पठाराच्या रूपात उरला आहे. मावेन्झीची (५,१४९ मी.) झीज होऊन त्याचे उभे, तुटक सुळके झाले आहेत. शिरा व मावेन्झी हे दोन्ही मृत ज्वालामुखी मानले जातात. किबो हा सर्वांत तरुण व सर्वांत उंच शंकू सुप्त असून त्याच्या माथ्यावरील रॉइश विवराच्या परिसरात गंधकयुक्त वायू बाहेर पडताना आढळतात. किबोच्या विवराच्या कडेवरील सर्वोच्च बिंदूला उहुरू शिखर म्हणतात. स्वाहिली भाषेत 'उहुरू' म्हणजे स्वातंत्र्य. टांगानिकाला इ.स. १९६१ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर हे नाव रूढ झाले.

मुख्य शंकूंखेरीज पर्वताच्या अंगावर अनेक लहान उपशंकू व विवरे आहेत. मांदारा मुक्कामाजवळचे माउंडी विवर हे त्यांपैकी एक असून ते मुलांना सहज चढता येते. पूर्व पायथ्याशी, केनियाच्या सीमेवर असलेले चाला सरोवर हेही ज्वालामुखी विवरात पाणी साठून तयार झाले आहे.

जर्मन धर्मप्रचारक योहानेस रेबमान याने इ.स. १८४८ मध्ये या पर्वतावर बर्फ असल्याचे कळवले, तेव्हा विषुववृत्ताजवळ बर्फ असू शकते यावर युरोपातील अनेक विद्वानांनी विश्वास ठेवला नाही. हान्स मायर व लुडविग पुर्टशेलर यांनी स्थानिक वाटाडे व भारवाहकांच्या साहाय्याने ६ ऑक्टोबर १८८९ रोजी शिखर गाठले. शिखर गाठल्याची ही पहिली नोंद होय. पर्वताच्या संरक्षणासाठी इ.स. १९७३ मध्ये किलिमांजारो राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. इ.स. १९८७ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला.

वनस्पतींचे पट्टे

उंचीनुसार हवामान व वनस्पती झपाट्याने बदलत जातात. हा बदल काही दिवसांत प्रत्यक्ष पाहता येतो, हे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या सहलीचे एक मोठे आकर्षण आहे.

- शेतीचा पट्टा (सुमारे १,८०० मी. पर्यंत): येथे चग्गा समाजाच्या केळी व कॉफीच्या बागा असून डोंगरातील ओढ्यांचे पाणी पाटांनी त्यांत खेळवलेले आहे.
- पर्वतीय वर्षावन (सुमारे १,८०० ते २,८०० मी.): दाट, ओलसर जंगल, शेवाळलेली झाडे, नेचे, निळी माकडे व कोलोबस माकडे येथे आढळतात.
- झुडपांचा व माळरानाचा पट्टा (सुमारे २,८०० ते ४,००० मी.): महाकाय सेनेसिओ व लोबेलिया या वनस्पती येथे दिसतात. रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत लोबेलियाची पाने मिटून आतल्या कोंबाचे रक्षण करतात.
- उच्च पर्वतीय वाळवंट (सुमारे ४,००० ते ५,००० मी.): राख, दगड आणि विरळ गवत.
- माथ्याचा प्रदेश (सुमारे ५,००० मी. च्या वर): खडक, ज्वालामुखी राख व उरलेल्या हिमनद्या.

उंची आणि मुलांचे शरीर

हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्व उंचींवर जवळपास सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होत असल्याने प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू मात्र घटतो. होरोंबो मुक्कामाच्या (३,७२० मी.) उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो, उहुरू शिखरावर तो जवळपास निम्मा होतो.

शरीर या बदलाशी हळूहळू जुळवून घेते. प्रथम श्वास जलद व खोल होतो. त्यामुळे रक्तातील कर्बवायू घटून रक्त किंचित आम्लारिधर्मी बनते आणि मेंदू श्वसनाचा वेग पुन्हा कमी करू पाहतो. मूत्रपिंडे काही दिवसांत हा असमतोल दूर करतात. या प्रक्रियेला वेळ द्यावाच लागतो. व्यायामाने, इच्छाशक्तीने किंवा चांगल्या साहित्याने ती टाळता येत नाही. तंदुरुस्त व्यक्तीला उंचीचा आजार होत नाही, हा समज चुकीचा आहे. उलट, धावपळ करणारी उत्साही मुले व किशोरवयीन खेळाडू वेगाने वर जात असल्याने अधिक अडचणीत येऊ शकतात.

झोपेत श्वसन मंदावते आणि रक्तातील प्राणवायू आणखी कमी होतो. म्हणूनच दिवसा गाठलेल्या उंचीपेक्षा रात्रीच्या मुक्कामाची उंची निर्णायक ठरते. पर्वतीय वैद्यकात सर्वसाधारणपणे असा संकेत मानला जातो की, ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर आणखी एक रात्र काढावी.

उंचीच्या आजाराची लक्षणे

उंचीचा तीव्र आजार साधारणतः नव्या उंचीवर पोहोचल्यानंतर काही तासांत सुरू होतो. डोकेदुखी हे त्याचे मुख्य लक्षण असून तिच्या जोडीला मळमळ किंवा उलटी, भूक न लागणे, थकवा व चक्कर येणे ही लक्षणे दिसतात. त्याची दोन गंभीर रूपे जीवघेणी ठरू शकतात:

- मेंदूला सूज येणे: तोल जाणे, सरळ रेषेत चालता न येणे, गोंधळलेपणा, असंबद्ध बोलणे, वाढती गुंगी.
- फुफ्फुसांत पाणी साठणे: विश्रांती घेत असतानाही लागणारी धाप, सततचा खोकला, ओठ व नखे निळसर होणे, फेसाळ थुंकी.

मुलांमध्ये हा आजार प्रौढांपेक्षा वेगळा नसतो. फरक तो ओळखण्यात असतो. डोके दुखते हे प्रौढ व्यक्ती सांगू शकते, पण लहान मूल 'पोट दुखते' किंवा 'मला घरी जायचे आहे' एवढेच म्हणते, किंवा काहीच न बोलता किरकिर करते. खेळणे थांबवणे, आवडता खाऊ नाकारणे, झोप न लागणे, अकारण रडणे ही लहान मुलांमधील सूचक लक्षणे मानली जातात. प्रवासाचा शीण, जागाबदल किंवा सर्दी यांमुळेही असेच घडू शकते. परंतु उंचीवर असताना मुलाची तब्येत बिघडली, तर दुसरे कारण निश्चित होईपर्यंत ते उंचीमुळेच आहे असे गृहीत धरावे, हा नियम सर्वत्र पाळला जातो. जे मूल आपला त्रास नेमका शब्दांत सांगू शकत नाही, त्याला उंचावर मुक्कामी नेणे याच कारणाने टाळले जाते.

बोटाला लावण्याच्या यंत्राने रक्तातील प्राणवायू मोजता येतो. तथापि थंड बोटांमुळे त्याचे आकडे चुकू शकतात. आकडा चांगला असला तरी लक्षणे असतील, तर लक्षणांनाच महत्त्व दिले जाते.

पूर्वतपासणी व औषधे

प्रवासापूर्वी प्रत्येक सदस्याची वैद्यकीय तपासणी करून घेतली जाते. जन्मजात हृदयविकार, फुफ्फुसांचे जुने आजार किंवा नुकताच झालेला श्वसनमार्गाचा संसर्ग असलेल्या मुलांना फुफ्फुसांत पाणी साठण्याचा धोका अधिक असतो. सिकलसेल या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना उंचीवर गंभीर त्रास होऊ शकतो. या दोषाच्या वाहकांमध्येही प्लीहेला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. महाराष्ट्रात विदर्भ व नंदुरबार भागांतील काही समाजांमध्ये सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने तेथील कुटुंबांनी ही रक्तचाचणी आधी करून घेणे उपयुक्त ठरते.

अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध उंचीशी जुळवून घेण्याच्या प्रक्रियेला गती देते. मुलांमधील मात्रा वजनावरून ठरत असल्याने ते केवळ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच दिले जाते. औषध घेतल्याने घाईचा कार्यक्रम सुरक्षित होत नाही. उंचीवर झोपेच्या गोळ्या टाळल्या जातात, कारण त्या श्वसन आणखी मंद करतात.

पायथ्याच्या सखल प्रदेशात हिवतापाचा प्रादुर्भाव असल्याने प्रतिबंधक औषधे व मच्छरदाणी यांचा विचार करावा लागतो. केनिया किंवा इथिओपियामार्गे प्रवास करणाऱ्यांना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागू शकते. ही लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

मार्गांची निवड

मारंगू मार्ग

आग्नेय बाजूने जाणारा मारंगू हा सर्वांत जुना प्रचलित मार्ग आहे. या मार्गावर तंबूंऐवजी लाकडी निवासकुट्यांत झोपण्याची सोय असते. पाऊस व थंडीपासून मिळणाऱ्या या आसऱ्यामुळे लहान मुले असलेल्या कुटुंबांना हा मार्ग सोयीचा वाटतो. त्यावर मांदारा (२,७२० मी.), होरोंबो (३,७२० मी.) व किबो (सुमारे ४,७०० मी.) असे तीन मुक्काम आहेत. प्रवेशद्वारापासून मांदारापर्यंतचा सुमारे आठ किलोमीटरचा रस्ता पूर्णपणे जंगलातून जातो. मांदारापासून थोड्याच अंतरावर माउंडी विवर आहे. होरोंबोच्या वर सुमारे ४,००० मीटर उंचीवर 'झेब्रा खडक' आहेत. खडकावरून झिरपणाऱ्या पाण्यातील क्षारांमुळे काळ्या लाव्हा-खडकावर पांढरे पट्टे उमटून त्यांना हे रूप आले आहे.

या मार्गाचा मुख्य दोष त्याच्या मुक्कामांच्या अंतरात आहे. मांदारा व होरोंबो यांच्यात १,००० मीटरचा फरक असून मध्ये एकही निवासकुटी नाही. त्यापुढे किबो मुक्काम आणखी सुमारे १,००० मीटर वर आहे. पाच दिवसांत शिखर करून परतण्याचा प्रचलित कार्यक्रम त्यामुळे उंचीबाबतच्या सर्वसाधारण संकेतात बसत नाही. उद्यानाचे शुल्क दिवसागणिक आकारले जात असल्याने कमी दिवसांच्या सहली स्वस्त पडतात व त्यांची मागणी टिकून राहते. कुटुंबाच्या खर्चात कपात करायची झाल्यास ती दिवसांच्या संख्येत करू नये, असे अनुभवी वाटाडे सांगतात.

शिरा पठार

पश्चिमेकडील शिरा पठाराच्या कडेपर्यंत वाहनाने जाता येते. विस्तीर्ण मोकळे माळ, लाव्हाचे उंचवटे आणि समोर किबोचे दर्शन यांमुळे एका दिवसाच्या भ्रमंतीसाठी हे पठार लोकप्रिय आहे. वाहनाने थेट साडेतीन हजार मीटरच्या आसपास पोहोचल्याने शरीराला सवयीसाठी वेळ मिळत नाही. त्यामुळे येथे दिवसा फिरून त्याच दिवशी खाली उतरणे लहान मुलांसाठी अधिक सुरक्षित मानले जाते.

इतर मार्ग

लेमोशो व उत्तर परिक्रमा हे लांब मार्ग सहसा सात ते नऊ दिवसांत पूर्ण केले जातात आणि चढ संथ असल्याने शिखरापर्यंत जाऊ इच्छिणाऱ्या किशोरवयीन मुलांसाठी ते तुलनेने योग्य ठरतात. उत्तरेकडील रोंगाई मार्ग कोरड्या बाजूने जातो. माचामे मार्गावर बारांको भिंतीसारखे हाताचा आधार घेऊन चढण्याचे टप्पे आहेत. उंब्वे हा मार्ग तीव्र चढाचा असल्याने मुलांसाठी तो सुचवला जात नाही.

मेरू पर्वत

किलिमांजारोच्या पश्चिमेस असलेला मेरू (४,५६६ मी.) हाही ज्वालामुखी पर्वत असून तो अरुशा राष्ट्रीय उद्यानात येतो. त्याचा खालचा मुक्काम मिरियाकांबा सुमारे २,५०० मीटरवर आहे. वाटेवर म्हशी, जिराफ यांसारखे वन्यप्राणी असल्याने सशस्त्र वनरक्षक बरोबर असणे बंधनकारक असते. किलिमांजारोपूर्वी उंचीची सवय व्हावी म्हणून अनेक जण मेरूच्या खालच्या टप्प्यांवर एक-दोन रात्री काढतात.

दिवसांची आखणी

होरोंबो हे उद्दिष्ट मानून, दहा वर्षांवरील मुलांसह मारंगू मार्गाने जाणाऱ्या कुटुंबासाठी पुढील स्वरूपाची आखणी करता येते:

- पहिला दिवस: मोशी किंवा मारंगू गावात मुक्काम, प्रवासाचा शीण घालवणे, साहित्याची तपासणी.
- दुसरा दिवस: मारंगू प्रवेशद्वार ते मांदारा, तीन ते पाच तासांची जंगलातील वाट.
- तिसरा दिवस: मांदारा येथेच दुसरा मुक्काम, माउंडी विवराची फेरी, दुपारी विश्रांती.
- चौथा दिवस: मांदारा ते होरोंबो, सुमारे अकरा किलोमीटर, वारंवार थांबत सहा ते आठ तास.
- पाचवा दिवस: होरोंबो येथे दुसरा मुक्काम, सर्वांची प्रकृती उत्तम असल्यास झेब्रा खडकांपर्यंत जाऊन परत.
- सहावा दिवस: होरोंबो ते मांदारा उतरणे व तेथे मुक्काम.
- सातवा दिवस: मांदारा ते प्रवेशद्वार.

या आखणीत तिसरा दिवस वरवर पाहता 'वाया' जातो. पण तिची सुरक्षितता याच दिवसावर अवलंबून असते. मांदारावर दोन रात्री काढल्याने पुढील १,००० मीटरच्या उडीचा भार कमी होतो. उतरण्याचे दोन भाग केल्यास मुलांच्या गुडघ्यांवर व पायांच्या बोटांवर ताण कमी येतो.

दहा वर्षांखालील मुलांसाठी मांदारा व माउंडी विवर एवढाच दोन-तीन दिवसांचा कार्यक्रम पुरेसा असतो. त्याला मारंगूजवळील किनुकामोरी धबधबा, मोशीजवळील मातेरुनी धबधबा किंवा चग्गा वस्तीतील कॉफीच्या बागा यांची जोड देता येते.

शिखर चढाईचे स्वरूप यापेक्षा पूर्णपणे वेगळे असते. ती बहुधा मध्यरात्री सुरू होते. कडाक्याच्या थंडीत, भुसभुशीत राखेवरून सहा ते आठ तास चढल्यानंतर त्याच दिवशी होरोंबो किंवा तत्सम मुक्कामापर्यंत उतरावे लागते. झोपेविना होणारी ही बारा ते चौदा तासांची चाल अनेक प्रौढांनाही पेलत नाही.

हंगाम

जानेवारी ते मार्चचा मध्य आणि जून ते ऑक्टोबर हे तुलनेने कोरडे कालावधी पदभ्रमणास योग्य मानले जातात. मार्चच्या उत्तरार्धापासून मेपर्यंत दीर्घ पावसाळा (मासिका) आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लहान पावसाळा (वुली) असतो. महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुट्टी बहुतांशी दीर्घ पावसाळ्यातच येते. त्यामुळे तेथील कुटुंबांना जूनचा प्रारंभ किंवा ऑक्टोबरमध्ये येणारी दिवाळीची सुट्टी अधिक सोयीची ठरते. कोरड्या हंगामातही जंगलपट्ट्यात पावसाच्या सरी येऊ शकतात.

कपडे व साहित्य

दर १,००० मीटर चढाईमागे तापमान साधारणतः सहा ते साडेसहा अंश सेल्सिअसने घटते. मोशीमध्ये उकाडा असताना होरोंबो येथे रात्री पारा शून्याच्या जवळ जातो आणि शिखराजवळ उणे १० ते उणे २० अंशांपर्यंत उतरू शकतो. वजनाच्या तुलनेत मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असल्याने त्यांची उष्णता लवकर निघून जाते. त्यामुळे एकच जाड कोट घालण्याऐवजी घाम बाहेर टाकणारा आतला कपडा, उबदार मधला थर आणि वारा-पाऊस अडवणारा बाह्य थर अशी रचना केली जाते. सुती कपडे ओले झाल्यावर लवकर वाळत नसल्याने ते टाळले जातात.

पाठीवरच्या झोळीत बसवलेले मूल विशेष धोक्यात असते. चालणारा प्रौढ घामाघूम झालेला असताना हालचाल न करणारे मूल गारठत जाते आणि ते शांत झोपल्यासारखे दिसते. अशा मुलाचे हात, पाय व गाल ठरावीक वेळाने तपासावे लागतात.

विषुववृत्ताजवळ व उंचीवर अतिनील किरणांची तीव्रता मोठी असते. रुंद काठाची टोपी, त्वचेवर लावायचे संरक्षक मलम आणि कडेने झाकणारा काळा चष्मा मुलांसाठीही आवश्यक असतो. पायांतील बूट नवे नसावेत. ते किमान काही आठवडे वापरून सैलावलेले असावेत.

आहार व पाणी

उंचीवर भूक मंदावते, त्यामुळे थोडे थोडे पण वारंवार खाणे उपयुक्त ठरते. भात, उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट उकड), सूप, केळी, अंडी व चपाती हे पदार्थ मुक्कामांवर सर्रास मिळतात. भारतीय वसाहतीच्या प्रभावामुळे 'चपाती' हा शब्द स्वाहिली भाषेतही रूढ झाला आहे. शाकाहारी भोजनाची सोय आधी कळवल्यास होते. मुलांच्या ओळखीचे लाडू, चिक्की, खजूर, भाजलेले शेंगदाणे असे टिकाऊ पदार्थ बरोबर असल्यास भूक नसतानाही ते खाल्ले जातात. पाणी उकळून किंवा शुद्ध करूनच प्यावे लागते. टांझानियात एकदा वापरून टाकण्याच्या प्लॅस्टिक पिशव्यांवर इ.स. २०१९ पासून बंदी असल्याने सामान कापडी पिशव्यांत बांधणे सोयीचे ठरते.

परत फिरण्याचा निर्णय

पर्वतावरील बहुतेक गंभीर प्रसंग अचानक उद्भवत नाहीत. सौम्य लक्षणांकडे दुर्लक्ष करून वर चढत राहिल्याने ते ओढवतात. कौटुंबिक गटात यामागे काही ठरावीक कारणे असतात. मोठा खर्च झालेला असतो, सुट्टी मोजकी असते, एका भावंडाची तब्येत उत्तम असते आणि दुसऱ्याला आपल्यामुळे सर्वांची सहल बिघडेल अशी भीती वाटते. अशा वेळी मूल त्रास लपवू शकते. म्हणून निर्णयाचे नियम घरूनच ठरवून मुलांनाही सांगितले जातात:

- सौम्य लक्षणे असताना आणखी वर जायचे नाही. त्याच उंचीवर थांबायचे.
- लक्षणे वाढत असल्यास किंवा एका रात्रीच्या विश्रांतीने कमी न झाल्यास खाली उतरायचे.
- तोल जाणे, गोंधळणे किंवा विश्रांतीतही धाप लागणे यांपैकी काहीही दिसल्यास, रात्र असली तरी ताबडतोब उतरायचे.
- आजारी मुलाला कधीही एकटे किंवा केवळ भारवाहकाबरोबर खाली पाठवायचे नाही. एक पालक सोबत असलाच पाहिजे.

शेवटच्या नियमामुळे गटात किमान दोन जबाबदार प्रौढ आणि एकाहून अधिक वाटाडे असणे आवश्यक ठरते. गट विभागला गेला तरी दोन्ही भागांत माहीतगार व्यक्ती राहते. ३०० ते १,००० मीटर खाली उतरल्यावर बहुधा लक्षणीय सुधारणा होते. प्राणवायूचा सिलिंडर व औषधे उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात. ती उतरण्याला पर्याय नसतात. मुक्कामांवर एकचाकी डोल्यांची व्यवस्था असून होरोंबोच्या उंचीपर्यंत बचाव-वाहन पोहोचू शकते. कुटुंबांसाठी होरोंबो ही मर्यादा ठेवण्यामागे हेही एक व्यावहारिक कारण आहे. प्रवास विम्यात किती उंचीपर्यंतच्या पदभ्रमणाचा व बचावकार्याचा समावेश आहे, हे आधी तपासणे आवश्यक असते.

नियम, वाटाडे व भारवाहक

किलिमांजारोवर परवानाधारक वाटाड्याशिवाय जाता येत नाही. उद्यानाच्या नियमांनुसार शिखर चढाईसाठी किमान वय १० वर्षे असून त्याहून लहान मुलांना होरोंबोच्या उंचीपलीकडे नेण्यास मनाई आहे. मुलांसाठी प्रवेशशुल्क कमी असते. नियम व शुल्क वेळोवेळी बदलत असल्याने सहल ठरवताना उद्यान प्रशासनाकडून खात्री करून घेतली जाते.

वाटाडे 'पोले पोले' म्हणजे 'हळूहळू' हा स्वाहिली शब्दप्रयोग सतत वापरतात. गटाचा वेग त्यातील सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाने ठरवावा, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो. चालताना बोलता येईल इतकाच वेग योग्य मानला जातो.

सामान वाहून नेण्याचे काम भारवाहक करतात. एका भारवाहकावर घालावयाच्या ओझ्यासाठी २० किलोग्रॅमची मर्यादा आहे. भारवाहकांना पुरेसे वेतन, अन्न, निवारा व उबदार कपडे मिळावेत यासाठी किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था काम करते. विरळ हवा आणि थंडी यांचा त्रास भारवाहकांनाही होतो. म्हणून सहल आयोजक निवडताना त्याच्या भारवाहकांना कोणत्या सोयी मिळतात, याची चौकशी करणे उचित समजले जाते.

सह्याद्रीतील पूर्वतयारी

सह्याद्री व किलिमांजारो या दोहोंची घडण ज्वालामुखीतून झालेली आहे. मात्र तिचा काळ व प्रकार भिन्न आहे. दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून पसरलेल्या लाव्हाच्या थरांनी बनले आणि पुढे झीज होऊन सह्याद्रीचे कडे तयार झाले. किलिमांजारोचे शंकू त्या मानाने अगदी अलीकडचे असून सर्वांत जुना शिरा हा सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी आकारास येऊ लागला.

महाराष्ट्रातील कुटुंबांना कळसूबाई (१,६४६ मी.), साल्हेर किंवा हरिश्चंद्रगड येथे सलग दोन दिवस चालण्याचा सराव करता येतो. पाठपिशवी, बूट, पावसातील चाल, तंबूतील झोप आणि मुलांचा खरा वेग यांचा अंदाज अशा सहलींतून येतो. उतरताना मुलांची कुरकूर केव्हा थकव्यामुळे असते आणि केव्हा आजारामुळे, हे पालकांना कळू लागणे हाही या सरावाचा मोठा लाभ होय. मात्र सह्याद्रीतील उंची विरळ हवेची सवय लावण्यास पुरेशी नाही. कळसूबाईचा माथा मारंगू प्रवेशद्वारापेक्षाही खाली आहे.

पर्यावरण

किलिमांजारोवरील हिमनद्या वेगाने आक्रसत आहेत. इ.स. १९१२ मध्ये असलेल्या बर्फाच्छादनापैकी सुमारे ८५ टक्के भाग इ.स. २००७ पर्यंत नाहीसा झाल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये पर्वताच्या उतारांवर वणवा पेटून झुडपांच्या पट्ट्याचे मोठे नुकसान झाले. संथ वाढीच्या सेनेसिओसारख्या वनस्पतींना अशा हानीतून सावरण्यास दीर्घ काळ लागतो. त्यामुळे उद्यानात ठरलेली वाट सोडणे, वनस्पती तोडणे व दगड उचलून नेणे यांना मनाई असून स्वतःचा कचरा खाली परत आणणे बंधनकारक आहे.